हंसांचा वसा

नदीच्या वळणावर एक रान होतं. तिथे सिंह राज्य करी. तो रीतसर निवडून आला होता. ज्यांनी मत दिलं नाही त्यांना त्याने प्रेमाने जेवायला बोलावलं, आणि ते काही परत आले नाहीत.

त्या रानात सुगरणी गळपट्टे विणत. गळपट्टे जात सातासमुद्रापलीकडच्या हंसांकडे. हंसांच्या माना लांब, म्हणून गळपट्टे लांब. आणि हौस त्याहून लांब. विणकाम उंबराच्या ढोलीत चाले. मुकादम कोल्हा सकाळी बाहेरून कडी घाली, ती दिवेलागणीला काढी.

ढोलीत वेणू नावाची सुगरण होती. तिचं पिल्लू समोरच्या बाभळीवर, एकटं, अजून पंख न फुटलेलं. दुपारी एकदा त्याला चारून यावं, एवढंच तिचं मागणं.

"कडी काढली की वारा शिरतो, धागे उडतात," कोल्हा म्हणे.

मग पलीकडच्या रानात एक ढोली पेटली. तिलाही कडी बाहेरून होती. बातमी हंसांच्या कानी गेली आणि त्यांना गळपट्टे टोचू लागले. दर वाढवून द्यावा, असं एका म्हाताऱ्या हंसाने सुचवलं, तेव्हा बाकीचे ध्यानाला बसले. उठले ते वसा घेऊनच.

वसा असा: विणणाऱ्याने दुपारी विसावा घ्यावा. दाराला कडी नसावी. तोंड हसरं असावं. वसा मोडेल त्याचे गळपट्टे घेऊ नयेत.

हंसांनी वसा राजाला दिला. राजाने तो मस्तकी लावून कोल्ह्याला दिला. कोल्ह्याने मस्तकी लावून सुगरणींना दिला. त्यांच्याखाली कोणी नव्हतं, तेव्हा तो तिथेच राहिला.

कोल्ह्याने त्याच दिवशी कडी काढली आणि दारात धामण बसवली. "पाहुण्यांच्या स्वागताला," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने वेणूला गाठलं. "काल दुपारी विसावा घेतलास?"

"घेऊ कुठे दिलात, मुकादम?"

"म्हणजे वसा मोडलास. प्रायश्चित्त म्हणून आज विसावा नाही."

"मग आजही मोडेल."

"ते तुझं पाप. मी काय करू बाई?"

शेजारी विणणारी मनकाआत्या पुटपुटली, "हस गं, नाहीतर तेही मोडल्याचं म्हणेल."

हंसांचे इथले नातलग म्हणून बदकसाहेब तपासणीला आले. उतरले कोल्ह्याकडे, जेवले कोल्ह्याकडे, आणि कोल्ह्याला शेजारीच उभं करून वेणूला म्हणाले, "मोकळेपणाने सांग. काही अडचण?"

"साहेब, दुपारी पिल्लाला चारायला जाऊ द्या."

"पिल्लू इथे कामाला आहे?"

"नाही हो, घरी उपाशी आहे."

"कामाला नाही ना? उत्तम," साहेब म्हणाले. "फार पुण्यवान ढोली."

वेणू मात्र भाबडी. वसा गळ्यात पडलाच आहे, तर नीट पाळावा, असं तिला वाटलं. दुसऱ्या दुपारी तिने धागा खाली ठेवला. मनकाआत्याने ठेवला. मग सगळ्यांनीच ठेवला. वेणू दाराशी गेली. धामणीने मान उचलली.

"कुठे निघालीस?"

"मावशी, तुम्हीही कामावरच आहात ना? मग वसा तुम्हालाही आहे. दुपार झाली, पडा जरा."

धामणीला जन्मात कोणी 'पडा' म्हटलं नव्हतं. तिने वेटोळं घातलं आणि घोरू लागली. वेणू पिल्लाला पोटभर चारून परत आली आणि विणायला बसली.

हे रोज घडू लागलं. पिल्लू बाळसं धरू लागलं. गळपट्टे मात्र उशिरा निघू लागले. हंसांचा निरोप आला: "वसा आम्हाला प्राणाहून प्रिय आहे. माल कुठे आहे?"

सिंहाने सभा भरवली. कोल्हा रडकुंडीला आला होता. "महाराज, हे लोक वसा पाळताहेत."

सिंह उभा राहिला. "माझ्या रानबांधवांनो, वसा पवित्र आहे. पवित्र वस्तू कोणी रोज वापरून मळवतं का? आपण ती देव्हाऱ्यात ठेवतो." सभेने जयजयकार केला. न करणाऱ्यांना जेवायला बोलावलं.

ढोलीतच देव्हारा झाला. विसाव्याच्या वेळी विसाव्याची आरती सुरू झाली. हजेरी सक्तीची, गाता गाता विणायला हरकत नव्हती. आरती अर्ध्यावर सोडून कोणी अधर्म करू नये, म्हणून बाहेरून कडी. धामण पुजारीण झाली. रोजचा नैवेद्य ती स्वतःच जाऊन निवडी, आणि बाभूळ जवळच होती.

पुढच्या वर्षी हंस स्वतः दर्शनाला आले. आरतीत एकीचा आवाज फार आर्त लागला होता. हंसांना गहिवरून आलं. त्यांनी गळपट्ट्याने डोळे पुसले.

त्यानंतर निवडणूक लागली. सिंहाने एकच वचन दिलं: यापुढे आरती दोन वेळा होईल. तो बिनविरोध निवडून आला, कारण आरतीच्या विरोधात उभं कोण राहणार?