सिनेमातला रेडा

“पण सर, त्या सिनेमात रेडा होता की नव्हता?”

शिरगुप्पे सरांनी भडंगाचा पुडा पुढं केला.

“मी काय विचारतोय...”

“खा आधी. सकाळपासून पोटात काही दिसत नाही तुझ्या.”

रणधीरनं पुडा घेतला नाही. दुपारचे चार वाजत आले होते. पाच वाजता त्याला मंचावर बसायचं होतं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

शिरगुप्पे सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. सांगलीच्या एका फिल्म सोसायटीत त्यांनी तीस वर्षं मशीन चालवलं. भिंतीतल्या चौकोनी काचेतून जगभरचे सिनेमे बघितले, आणि कुणी विचारलं तर दोन वाक्यं बोलले. तेवढ्यावर गाव त्यांना सर म्हणायला लागलं.

रणधीर कुंभोजकर हा त्यांचा पट्टशिष्य. असं रणधीर सांगायचा. सरांनी कधी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

यंदा सोसायटीच्या महोत्सवात फिलिपिन्सचे नऊ सिनेमे आले होते. मोठ्या कंपन्यांच्या वाऱ्याला उभं न राहता, चार मित्रांनी मिळून काढावेत तसे काढलेले. रणधीरनं समितीला सांगून टाकलं, नऊच्या नऊ बघतो आणि शेवटच्या दिवशी फिलिपिनो सिनेमा म्हणजे काय, ते एका वाक्यात सांगतो. समितीनंही त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. पत्रिकेवर तसं छापून आलं.

खरं सांगायचं तर वाक्य त्याच्याकडे आधीच तयार होतं. सिनेमे तेवढे यायचे बाकी होते.

सिनेमे आले आणि घोळ झाला.

पहिला पाच तासांचा, काळापांढरा. त्यात एक कोळी जाळं विणत होता आणि वारा सुटला होता, एवढंच. दुसऱ्यात दोन भाऊ झुंजीचा कोंबडा घेऊन लग्नाला निघाले होते, हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. तिसऱ्यात गावातल्या सुईणीला पंख फुटले. चौथ्यात एक बाई परदेशात दुसऱ्याची मुलं सांभाळत होती आणि स्वतःच्या मुलीला फोनवरून गणित शिकवत होती. कशाचा कशाला मेळ नव्हता. एक ना धड, भाराभर चिंध्या.

रणधीर प्रत्येक सिनेमातून आपल्या वाक्यात बसेल तेवढंच उचलत होता. बाकीचं खाली सांडत होतं.

त्यात मारिसेलबाई. ह्या मनिलाहून आलेल्या दिग्दर्शिका, महोत्सवाच्या पाहुण्या. दक्षिणेकडच्या एका बेटावरचा सिनेमा बघताना त्या शेजारीच बसल्या होत्या, आणि रणधीरसारख्याच खालच्या इंग्रजी ओळी वाचत होत्या. त्यानं चकित होऊन विचारलं, हा तुमच्याच देशातला ना? त्या हसल्या. देश माझा, भाषा माझी नाही, म्हणाल्या. असले सिनेमे आमच्याकडेही कुठं लागतात? मीही इथंच पहिल्यांदा बघतेय.

रणधीर त्या संध्याकाळी सरांना गाठून म्हणाला होता, “सर, ह्यातला खरा फिलिपिनो कुठला?”

“मला तर एकही कळला नाही,” सर म्हणाले होते. “म्हणून बसलोय.”

रणधीरला ते आवडलं नव्हतं. आपल्या गुरूनं असं बोलावं?

तिसऱ्या दिवशी मात्र त्याला किल्ली सापडली. निदान त्याला तसं वाटलं. सिनेमा मारिसेलबाईंचाच होता. मनिलातली एक नर्स परदेशी निघाली आहे, आई तिचे कपडे इस्त्री करते आहे. मग विमानतळावरची रांग... आणि तिथून एकदम डोंगरातली भातखाचरं. चिखलात रुतलेला रेडा, आणि त्याच्याशी बोलणारी एक बाई. ना नर्स, ना विमान. रणधीर बघतच राहिला. शेवटी त्याचे डोळे भरून आले, म्हणून दिवे लागायच्या आत तो बाहेर पडला.

त्याच दिवशी त्यानं महोत्सवाच्या वार्तापत्रात लिहिलं, मध्यावर देश तोडून मातीत मारलेली ही झेप म्हणजेच फिलिपिनो सिनेमाचा आत्मा. रेडा म्हणजे नर्सच्या मनात मागं राहिलेलं घर, असंही लिहिलं. आपल्याकडं रेड्याच्या तोंडून वेद ऐकल्याचं सांगतात. रणधीरनं ह्या रेड्याकडून आख्खा फिलिपिन्स वदवून घेतला.

आज दुपारी कुणीतरी मारिसेलबाईंना तो लेख इंग्रजीत वाचून दाखवला. बाईंचा निरोप आला. पाच वाजता मंचावर भेटूच, पण त्याआधी एक शंका... माझ्या सिनेमात रेडा कुठं आहे?

आधी रणधीरला वाटलं, बाई परीक्षा घेतायत. मग वाटलं, निरोप आणणाऱ्यानं गोंधळ घातला. मग त्याला काहीच वाटेना. म्हणून तो टॉकीजच्या मागच्या पायरीवर सरांकडं आला होता.

“सर, मी डोळ्यांनी बघितलाय. एवढी मोठी शिंगं होती.”

“होती.”

“म्हणजे रेडा होता?”

“होता.”

“मग बाई का विचारतायत?”

सर चार दाणे चघळत राहिले.

“मधे उठला होतास?”

“दोन मिनिटं. आईचा फोन होता, गोळ्या सापडत नव्हत्या तिला.”

“बरं...”

सर गुडघ्यावर हात देऊन उठले आणि चालायला लागले. रणधीर मागोमाग गेला. ही टॉकीज पूर्वी एकच होती, पुढं मधे भिंत घालून तिचे दोन पडदे केले. सर मधल्या बोळात जाऊन थांबले. रणधीरला खांद्याला धरून त्यांनी बोळाच्या बरोबर मधोमध उभं केलं. मग डावा हात डावीकडं केला, उजवा उजवीकडं.

दोन्हीकडं दार. दोन्ही दारांना काळा पडदा. दोन्ही पडदे खाली सारखेच फाटलेले.

रणधीरनं डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. पुन्हा डावीकडं.

“सर... मी फोनवर बोलत बोलत...”

सरांनी हात खाली घेतले.

“परत आत आलो तो...”

“दोन नंबरला आलास. मी तिथंच बसलो होतो. डोंगरातल्या लोकांचा सिनेमा होता तो, अर्धा होऊन गेला होता.”

रणधीर भिंतीला टेकला. एका सिनेमाचं डोकं आणि दुसऱ्याचं धड! आणि त्यावर आपण आत्मा लिहून बसलो. तो लेख गावभर गेलाय, मारिसेलबाईंच्या हातात पडलाय, आणि तासाभरात आपण त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणार. त्याला इतकी लाज वाटली, की कान गरम झाले.

“तुम्ही बघत होता, सर. तेव्हाच का नाही सांगितलंत?”

सरांनी भडंगाचा पुडा पुन्हा पुढं केला.

“मी जातो घरी. ताप आलाय म्हणून सांगा.”

“जा. पण त्याआधी मला तो सिनेमा सांग.”

“कुठला?”

“रेड्याचा.”

“सर, चेष्टा नका करू.”

“चेष्टा नाही. माझाही पुढचा भाग चुकला. तू आत आलास आणि मी पडद्याऐवजी तुझ्याकडंच बघत बसलो.”

रणधीर गोंधळून त्यांच्याकडं बघत राहिला. मग, गुरूचा शब्द मोडवेना म्हणून, सांगायला लागला.

आधी चाचरत सांगितलं. इस्त्रीची वाफ सांगितली, रांगेत बूट काढून उभी असलेली पोरगी सांगितली. मग चिखल सांगितला. आपल्याला काही समजत नव्हतं, म्हणाला, म्हणून नुसतं बघत होतो. ती बाई रेड्याला ओढत नव्हती, मारत नव्हती. त्याच्या बाजूला चिखलात बसून त्याच्या कानामागचा चिखल बोटानं काढत होती. आपल्याला वाटलं, ही त्या नर्सची आई. मग वाटलं, नर्सच म्हातारी होऊन परत आली. मग वाटलं, कुणी का असेना, रेडा निघू दे...

तो आईबद्दल बोलायला लागला. गोळ्यांवरून आपण त्या फोनवर तिच्यावर खेकसलो, हेही त्यानं सांगून टाकलं. ते कुठल्याच सिनेमात नव्हतं.

आत्मा, झेप, असला एकही शब्द त्यात आला नाही. लिहून आणलेलं भाषण त्याच्या खिशातच राहिलं.

सरांनी पुडा हातात तसाच धरला होता.

“निघाला का?” त्यांनी हळूच विचारलं.

“कोण?”

“रेडा.”

“निघाला, सर. आपला आपण निघाला.”

मग वरून माइक तपासल्याचा आवाज आला. एक कार्यकर्ती जिन्यावरून वाकून म्हणाली, कुंभोजकर, बाई येऊन बसल्यात, तुमचीच वाट बघतायत.

रणधीर भानावर आला.

“पण सर, असा सिनेमा कुणी काढलेलाच नाही.”

“नाही काढलेला.”

“मग मी वर जाऊन सांगू काय?”

“हाच सांग,” सर म्हणाले. “चार दिवसांत तू बघितलेला सिनेमा हा एकच.”