पोटातला ग्लासवूल

गाड्यांचे सायलेन्सर बनवणाऱ्या भोसरीच्या एका कारखान्यात रणदिवे साहेबांचा हुकूम सुटला, "सायलेन्सर स्वस्त करा. पण आवाज वाढला, तर नोकरी गेली समजा!"

ते काम डिझाइन बघणाऱ्या शर्वरी तांबटवर येऊन पडलं. दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी जीव मुठीत धरून ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"त्यात काय अवघड आहे?" साहेब गरजले. "आवाज गिळणारा तो काचेचा कापूस, ग्लासवूल, काढून टाका! पोटात काय आहे, ते त्या अडाणी गिऱ्हाइकांना कुठे दिसतंय?"

तेवढ्यात शिपाई धावत आत आला. "साहेब, जरा हळू! बाहेर सगळं ऐकू येतंय."

"कसं येईल? माझं दार साउंडप्रूफ आहे!"

"होतं, सर," शर्वरी चाचरत म्हणाली. "तुम्ही हेच सांगाल असं वाटलं, म्हणून काल मी त्यातला ग्लासवूल काढून घेतला. वरचं कातडं तसंच आहे, म्हणून तुम्हाला दिसलं नाही."

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "मग खर्च कमी कशात करायचा?"

"सायलेन्सरच्या टोकाच्या त्या चकचकीत नळीत. ती आवाज अडवत नाही, सर. नुसती मिरवते."

साहेबांचा हात नकळत आपल्या चकचकीत टायकडे गेला. बाहेर कुणीतरी खुदकन हसलं, आणि तेही आत स्वच्छ ऐकू आलं.