हरण्या, चांद्या आणि राजाचं नाव

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नाव आता कुणालाही सांगता येत नाही. मलाही येत नाही. पण त्याच राज्यातल्या दोन बैलांची नावं मला तोंडपाठ आहेत. एक हरण्या, दुसरा चांद्या. राजाचं नाव पुसलं गेलं आणि बैलांचं राहिलं, हे उफराटं कसं झालं तेच आज सांगायचं आहे.

त्या राज्याच्या एका टोकाला एक गाव होतं. गावाबाहेर एक खोल विहीर होती आणि त्या विहिरीवर एक माणूस मोट हाकायचा. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चामड्याची मोठी पिशवी दोराने विहिरीत सोडायची. ती भरली की दोर ओढत बैल उतारावरून खाली चालत जातात. त्या उताराला धाव म्हणतात. बैल धावेच्या टोकाला पोचले की मोट वर येते आणि पाणी पाटात पडतं. इथवर सगळं सोपं आहे. खरी मेख पुढे आहे. रिकामी मोट पुन्हा विहिरीत सोडायची, तर बैलांना तोच चढ उलट्या पावलांनी चढावा लागतो. तोंड रानाकडे आणि पाठ विहिरीकडे. मागचं बैलाला दिसत नाही, पण मागे विहीर आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

म्हणून मोट हाकणारा गातो. लोकांना वाटतं, जिवाला विरंगुळा म्हणून गातो. तसं नव्हे. पाणी पाटात पडलं की गाण्याच्या शेवटी तो बैलांना त्यांच्या नावाने हाक मारतो, आणि ती ओळखीची हाक ऐकून बैल मागे सरतात.

या मोटकऱ्याला एकच मुलगी होती, सारजा. तिची आई ती रांगत असतानाच गेली, म्हणून बाप तिला धावेशेजारच्या झाडाला झोळी बांधून निजवायचा आणि कामाला लागायचा. बापाचं मोटेवरचं गाणं हीच तिची अंगाई झाली. सारजा बारा वर्षांची झाली आणि बापाला तापाने गाठलं. ताप उतरला, पण जाताना आवाज घेऊन गेला. बाप बैलांचा कासरा धरून बसायचा, तोंड उघडायचा, आणि घशातून नुसती फुसफुस निघायची. बैल धावेच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. चार दिवसांत वांग्याच्या वाफ्यांनी माना टाकल्या.

पाचव्या दिवशी सारजाने कासरा हातात घेतला. लगेच गावातल्या चार जाणत्यांच्या पोटात दुखू लागलं. बाईमाणूस मोटेवर बसलं की विहीर आटते, असं वाडवडील सांगून गेलेत, हे सांगायला ते चौघे मिळून आले. सारजाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घागरीनं पानी शेंदून आमा बायांचं हात सोललं, तवा न्हाई आटली. मोटंवर बसल्यानं आटती व्हय?"

मग विहीर आटण्याची वाट पाहायची, असं चौघांनी ठरवलं. अजूनही पाहत असतील.

पण बैल काही लगेच तिचं ऐकेनात. सारजाने एक चूक केली. बैलांना बापाची सवय, म्हणून ती बापासारखा जाड आवाज काढून गाऊ लागली. हरण्याने कान हलवले, चांद्याने मान फिरवून तिच्याकडे पाहिलं, आणि दोघे जागच्या जागी उभे राहिले. बैलाला सोंग कळतं. दुपारपर्यंत तिचा घसा बसला आणि ती रडकुंडीला आली. शेवटी ती बैलांच्या पुढे जाऊन उभी राहिली, दोघांच्या कपाळावर हात ठेवले आणि आपल्या स्वतःच्या, बारीक पण खणखणीत आवाजात गायली. बापाच्या गाण्याला तिने त्या दिवशी शेवटची एक ओळ नवी जोडली.

मोट आली वरती, पाणी लागलं पाटाला,
तहान भागली रानाची, रंग आला देठाला,
मागं सर हरण्या, मागं सर चांद्या,
पाठीशी हाय इहीर, पर मी हाय कासऱ्याला.

हरण्याने एक पाऊल मागे टाकलं. मग चांद्याने टाकलं. संध्याकाळी वांग्यांनी माना वर काढल्या, आणि झाडाखाली बसलेल्या मुक्या बापाचे डोळे भरून आले.

पुढच्या पाचसहा वर्षांत सारजाचा आवाज असा काही कसदार झाला, की वाटेने जाणारे थांबू लागले. बाजाराला निघालेले लोक वाकडी वाट करून विहिरीवर येत. लमाणांनी तिचं गाणं आपल्या तांड्याबरोबर पुढे नेलं, जत्रांमधून ते आणखी पुढे गेलं, आणि होता होता राजाच्या कानावर पडलं. राजाने तिला दरबारात बोलावणं धाडलं.

त्या दरबाराची एक रीत होती. कुणीही काहीही गावं, पण गाण्याच्या शेवटी महाराजांचं नाव आलंच पाहिजे. देवाचं भजन असो की लग्नातलं गाणं, शेवटी महाराज हजर. प्रधानाने सारजाला आधीच समजावून सांगितलं. गाणं छान आहे, एकच ओळ बदलायची. बैलांची नावं काढायची आणि तिथे महाराजांचं नाव घालून त्यांचा जयजयकार करायचा. सारजाने सगळं नीट ऐकून घेतलं. प्रधानाला वाटलं, पोर समजूतदार आहे.

सारजा गायली. दरबार डोलू लागला. गाण्याचा शेवट आला, आणि तिने नेहमीसारखी, घरी घालायची तशीच हाक घातली. मागं सर हरण्या, मागं सर चांद्या. डोलणाऱ्या माना थांबल्या. राजाचा चेहरा लाल झाला. आमच्या दरबारात जनावरांची नावं कशी घेतलीस, असं त्याने विचारलं.

सारजा म्हणाली, "ह्ये गानं त्यांनी वढलंय, म्हाराज. तुमी निस्तं ऐकलंय."

असं कुणी राजाशी बोललं नव्हतं. तरी राजा हुशार होता, त्याने आधी गूळ दाखवला. ओळ बदललीस तर सोन्याचे तोडे मिळतील, वाड्याजवळ घर मिळेल आणि दरबारात गायिकेची जागा मिळेल. नाही बदललीस तर तुझे बैल आमच्या बागेच्या विहिरीवर जुंपले जातील आणि तुझं गाणं आमचे गवई गातील, आमच्या नावासकट.

खोटं कशाला सांगू, सारजा काही वाघीण नव्हती, अठरा वर्षांची पोर होती. पण तिचा आवाज कापला नाही. "बैल न्या," ती म्हणाली. "तुमच्याकडं शिपाई हाईत, माझ्याकडं न्हाईत. पर नाव बदलायचं न्हाई."

घरी परतताना ती वाटभर रडली. शिपाई तिच्या आधीच पोचले होते आणि गोठा रिकामा होता. आपल्या हट्टापायी बापाच्या तोंडचा घास गेला, हे तिला खात होतं. तिने बापाला सगळं सांगितलं आणि तो रागावेल म्हणून खाली मान घालून उभी राहिली. बाप उठला. शिपायांनी बैल नेले होते, पण खुंटीवरचा कासरा तिथेच होता. बापाने तो काढला, तिच्या हातात दिला आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी बंद केली. तो रागावलेला नाही, हे सारजाला कळलं.

तिकडे राजाच्या बागेत थाट उडाला होता. जरीचा अंगरखा घातलेला दरबारी गवई धावेवर उभा राहिला. हरण्या आणि चांद्या दोर ओढत खाली गेले, पाणी पाटात पडलं, आणि गवयाने मोठ्या सुरेल आवाजात महाराजांचं नाव घेतलं. बैल उभेच. त्याने पुन्हा घेतलं. बैल उभेच. मग चाबूक निघाला. चाबूक बसला की बैल पुढे रेटत, खुरांनी माती उकरत, पण मागे एक पाऊल टाकायला तयार होईनात. तीन दिवस हेच चाललं. बैलांच्या पाठी सोलल्या आणि बागेतला मोगरा करपू लागला. बाजारात लोक म्हणू लागले, राजा बोले दळ हाले, दोन बैल मात्र जागचे न हाले.

ही गोष्ट एका वाटसरूकडून सारजाला कळली. बैलांना चाबकाने मारतात, एवढं ऐकल्यावर ती पुढचं ऐकायला थांबली नाही. कासरा खांद्यावर टाकून निघाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी राजाच्या बागेत पोचली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. विहिरीभोवती ही गर्दी जमली होती, आणि खुद्द राजा धावेवर उभा राहून बैलांना आपलं नाव ओरडून सांगत होता. हरण्या रवंथ करत होता.

सारजा गर्दीतून वाट काढत पुढे गेली, चाबूकवाल्याच्या हातातला चाबूक हिसकला आणि विहिरीत फेकून दिला. शिपाई धावले, पण राजाने त्यांना थांबवलं. तू या जनावरांना काहीतरी शिकवून ठेवलं आहेस, असा त्याने तिच्यावर आळ घेतला.

सारजाने हात जोडले नाहीत. ती म्हणाली, "शिकवलं काय बी न्हाई. तुमी सोता करून बघा. हितं हुबं ऱ्हावा, इहिरीकडं पाठ करा, आन् परधानजी सांगतील तसं मागं या. वळून बघायचं न्हाई."

राजा हसला. एवढे लोक बघत होते, मागे हटणं त्याला शोभलं नसतं. आणि गंमत बघा, इथे तर मागे हटायचंच होतं. तो धावेच्या मध्यावर जाऊन विहिरीकडे पाठ करून उभा राहिला. या महाराज, निर्धास्त या, प्रधान म्हणाला. राजाने एक पाऊल मागे टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्याला त्याची मान आपोआप वळली. विहीर अजून लांब होती. मग सेनापतीने हाक दिली. तेव्हाही मान वळली. शेवटी सख्ख्या भावाने हाक दिली, तेव्हा तर राजाने एकही पाऊल टाकलं नाही. तो तसाच उभा राहिला आणि त्याच्या कपाळावर घाम आला. आपण ज्याच्या हाकेवर डोळे मिटून मागे सरू असा एकही आवाज आपल्या दरबारात नाही, हे त्याला त्या उन्हात, सगळ्या प्रजेसमोर कळलं. त्याला लाज वाटली आणि वाईटही फार वाटलं.

सारजा म्हणाली, "चाबकाला भिऊन बैल म्होरं पळतो, म्हाराज. मागं सरायला इस्वास लागतो. जो आपल्याला नावानं हाक मारतो त्याच्यावर तो बसतो. ज्याचं नाव जबरीनं घ्यावं लागतं त्याच्यावर बसत न्हाई."

प्रधान पुढे होऊन काही बोलणार होता. राजाने त्याला हातानेच गप्प केलं आणि सारजाला गायला सांगितलं. शेवटी कुणाचं नाव घ्यायचं, ते त्याने सांगितलं नाही.

सारजाने आपला कासरा बैलांना लावला आणि त्यांच्या सोललेल्या पाठींवरून हात फिरवला. मग ती गायली. हरण्याचं नाव आलं, चांद्याचं नाव आलं, आणि दोन्ही बैल तो चढ उलट्या पावलांनी चढत विहिरीच्या काठापर्यंत आले. मोट पाण्यात पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पहिली मान डोलली ती राजाची.

राजाने तिला पुन्हा तोडे देऊ केले आणि दरबारातली जागाही. सारजाने फक्त बैल मागून घेतले. बोलावलंत तर दर दसऱ्याला येऊन गाईन, पण गाणं आहे तसंच गाईन, असं तिने सांगितलं, आणि राजाने ते मान्य केलं. तेव्हापासून ती दर दसऱ्याला दरबारात गेली. राज्यात जिथे जिथे मोट चाले तिथे तिथे तिचं गाणं पोचलं. कित्येकांनी आपल्या खोंडांची नावंच हरण्या आणि चांद्या ठेवली. गावातले ते चौघे जाणते पाहुण्यांना सांगू लागले, की पोरीला मोटेवर बसवायची अक्कल आमचीच.

राजाचं नाव त्याच्या बागेच्या दगडी कमानीवर खोल कोरलेलं होतं. बाग गेली, कमान पडली, आणि तो दगड कुणाच्या तरी गोठ्याच्या पायात बसला. त्या गोठ्यात बैल बांधलेले असत, आणि त्यांचा धनी पहाटे त्यांना मोटेला नेताना गुणगुणत असे, मागं सर हरण्या, मागं सर चांद्या.

तात्पर्य: ज्याने भार ओढला त्याचंच नाव घ्यावं, आणि ते घेताना राजासमोरही आवाज खाली आणू नये.