कासव थांबले तिथे

एकदा एका शिष्येची मोठी पंचाईत झाली. सुलेखा तिचं नाव. तळ्याकाठी राहणाऱ्या एका वृद्ध कथाकारांपाशी ती सहा वर्षं कथाशास्त्र शिकली होती. गोष्टीत आधी काय हरवतं, शोधायला कोण निघतं, वाटेत कोण आडवं येतं, मदतीला कोण धावतं, आणि निघालेला माणूस परत येतो तेव्हा कसा बदललेला असतो, हे सगळं तिला तोंडपाठ. कादंबरी असो, टीव्हीवरची मालिका असो की लहान मुलांची गोष्ट, तिला आधी दिसायची ती आतली हाडं.

विद्या चांगलीच हो, पण घरात ती कुठे वापरावी याला काही धरबंध हवा. मालिकेत कुणी नुसतं दार लोटून आत आलं, की सुलेखा म्हणे, "हा मदतनीस. शुक्रवारपर्यंत उलटणार बघा." आणि शुक्रवारी तो उलटे. सासूबाईंनी आधी कौतुक केलं, मग त्या शेजारी जाऊन मालिका बघू लागल्या. "तिथे कुणाला काही कळत नाही, म्हणून बरं वाटतं," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. नवरा कादंबरीला वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचू लागला. सुलेखाने तेही हसण्यावारी नेलं.

पण एका संध्याकाळी तिची सहा वर्षांची रेणू अंथरुणात शिरता शिरता म्हणाली, "आई, तू नको सांगूस गोष्ट. तू सांगायला लागलीस की ती संपलेलीच असते." एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडा गेला, पोरीने एकदाही गोष्ट मागितली नाही. सासू-नवऱ्याचं एक वेळ ठीक, पण लेकीने पाठ फिरवली तर जायचं कुठे?

ती रेणूला घेऊन गुरुजींकडे गेली. दुपार कलली होती. तळ्यावर धुक्यासारखी पातळ वाफ पसरली होती आणि पलीकडचा काठ आहे की नाही हेच कळत नव्हतं.

"गुरुजी, शिकलेलं विसरायचं कसं, तेवढं सांगा," घरातलं सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली.

गुरुजींनी रेणूला तळ्याच्या पायरीवर शेजारी बसवून घेतलं. "काय गं, घागर शोधायला गेलेल्या कासवाची गोष्ट येते तुला?"

"कितीदा ऐकलीय."

"बरं झालं. मला धड आठवत नाही. तर, कासवाच्या आजीची चांदीची घागर तळ्यात पडली. ती आणायला कासव पळत पळत निघालं."

"आजोबा, कासव पळतं का कधी?"

"नाही? मग कसं निघालं?"

"हळू. असं." रेणूने दोन बोटं पायरीवरून अशी काही चालवली, की गुरुजी वाकून बघतच राहिले.

"वाटेत त्याला उंट भेटला."

"पाण्यात उंट? आजोबा, तुम्हाला काहीच येत नाही. खेकडा."

सुलेखा अवघडून गेली. एवढे मोठे गुरुजी, आणि वयाने ही दशा. तेवढ्यात कासव तळ्याच्या तळाशी पोचलं, त्याला घागर दिसली, आणि गुरुजी थांबलेच. डोळे मिटून गप्प. सुलेखाला राहवेना. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, इथे घागर उचलायला मासे मदतीला येतात."

गुरुजींनी डोळे न उघडताच एक बोट वर केलं. ती चूप झाली. पाणी पायरीला लागत होतं आणि मागे जात होतं.

मग रेणू अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "ती घागर त्याने उचललीच नाही."

"का गं?"

"आत माशांची पिल्लं निजलीत."

ही वाट सुलेखाच्या शास्त्रातल्या कुठल्याही पानावर नव्हती.

रेणू खडे वेचायला पाण्याजवळ गेली, तेव्हा गुरुजी म्हणाले, "मी काही विसरलेलो नाही. गोष्टीची प्रत्येक पायरी मला ठाऊक आहे, म्हणून तर ऐकणाऱ्यासाठी कोणती मोकळी सोडावी ते कळतं. सासूबाई भाजी निवडताना 'आता ती काय करील' म्हणतात ना, तिथे त्यांची मालिका चालू असते. तुझा नवरा पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघतो, तेव्हा कादंबरी पुढे जात असते. आणि तू प्रत्येकाच्या पायरीवर आधीच जाऊन उभी राहतेस. त्यांनी पाय ठेवायचा कुठे? दोष माझाही आहे. तुला सगळं शिकवलं, थांबायचं शिकवायचं राहिलं."

"मग हे शास्त्र सोडून देऊ?"

"सोडतेस कशाला? गवंडी भिंत जाणतो, म्हणूनच दार कुठे ठेवायचं ते त्याला समजतं."

परतताना मायलेकी काठाकाठाने चालल्या होत्या. वाफ विरून पाणी निळंसर झालं होतं. बऱ्याच वेळाने रेणू म्हणाली, "आई, मग रिकाम्या हाताने घरी गेल्यावर कासव आजीला काय म्हणालं?"

परतीचा टप्पा. सुलेखाच्या जिभेवर सहा वर्षं घोटलेलं उत्तर तयार होतं. तिने ते गिळलं. आणि गिळल्यावर तिच्या लक्षात आलं, की त्या कासवाला आजीपुढे काय बोलावं लागेल, हे तिला खरोखरच ठाऊक नाही.

"मला नाही गं माहीत," ती म्हणाली.

रेणूने मान वर करून आईकडे नीट बघून घेतलं. मग तिचा हात धरला आणि आपली पावलं अगदी लहान केली.

"हळू चाल," ती म्हणाली. "अजून घरी पोचलं नाहीये ते."