हौसाची दोरवाट

मंडळी, जरा डावीकडे सरका. इथे उभं राहिलात की समोरचं सगळं दिसेल. मेट्रोच्या जिन्यापासून थेट नदीपर्यंत जाणारा हा सहाशे पावलांचा रस्ता. दोन्ही बाजूंना काचेचे मनोरे, वर ढग आणि काचांतही ढग. सकाळच्या या वेळेला आपण जमिनीवरून चालतोय की आभाळातून, हेच कळत नाही. मला तर इतकी वर्षं झाली तरी कळत नाही. पण वर बघू नका, रस्त्याच्या मधोमध बघा. एक खांब नाही, झाड नाही, कारंजं नाही, आइस्क्रीमची गाडीसुद्धा नाही. शहरातली सगळ्यात महागडी जागा, आणि मध्ये सगळी मोकळी. आजूबाजूचे रस्ते वळणं घेत येतात, हा एकटाच सुतासारखा सरळ जातो. नकाशात त्याला भलतंच काहीतरी नाव दिलंय. आम्ही दोरवाट म्हणतो.

मी सुलभा खंडागळे. तीस वर्षं पोस्टात काढली, आता रविवारी पाहुण्यांना हा भाग पायी फिरवते. एक विनंती आहे, फोन थोडा वेळ खिशात ठेवा. हा मनोरा कुठे पळून जात नाही.

फार मागची गोष्ट, असं सांगतात. इथे तेव्हा दोर वळणाऱ्यांची आळी होती. घायपात नदीत भिजवून कुजवायचं, बडवून त्याचा वाख, म्हणजे पांढरे धागे, काढायचा आणि त्याचा पेड वळायला घ्यायचा. एकाने बसून फिरकी फिरवायची, दुसऱ्याने काखेतला वाख थोडा थोडा सोडत मागे मागे जायचं. दोर वळणारा कधी पुढे चालत नाही, तो उलट्या पावलांनीच जातो. मान वळवून मागे बघितलं की हात ढिला पडतो आणि पीळ सुटतो. मग ज्या जागी पीळ सुटला, तिथेच पुढे दोर तुटतो. म्हणून मागचं बघायचं काम इतरांचं. "खड्डा हाय गं," "म्हस बसलीया, उजवीकडनं जा," असं आळीभर चाललेलं असायचं.

या आळीत केरबा नावाचा एक गडी होता आणि हौसा ही त्याची बायको. हातात कसब दोघांच्याही, पण आळीची एक खोड होती. नवा, चांगला दोर झाडून सगळा बाजाराला जायचा आणि घरच्या कामाला उरलेले तुकडे सांधून वापरायचे. त्या उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायचा होता. ती विहीर अजून आहे. कॉफीच्या दुकानासमोर जमिनीत जाड काच बसवलीय ना, तिच्याखाली. वीस पुरुष खोल होती म्हणे, म्हणजे वीस माणसं एकावर एक उभी राहतील एवढी. हौसाने तेवढ्यासाठी एक जाड दोर वळून बाजूला ठेवला होता. केरबाने तोही बाजाराच्या गाडीत टाकून दिला.

सकाळी तिला ते कळलं. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं माझी आजेसासू म्हणायची. केरबा कमरेला सांधलेला दोर बांधून निघाला आणि दारातून म्हणाला, "येतू गं हौसे." हौसा चुलीकडे तोंड करून बसली होती. तिने वळूनसुद्धा बघितलं नाही.

उन्हं वर आली तेव्हा तो दोर सांध्यावर तुटला. केरबा तळाशी पडला, पाय मोडला, आणि त्याच धक्क्याने गाळाखालचा झरा मोकळा झाला. भिंतीतल्या एका दगडाला धरून तो उभा होता आणि पाणी गुडघ्याच्या वर चढत होतं. आळीतले तरणे गडी सगळे बाजाराला गेलेले. आणि दोर वळणाऱ्यांच्या त्या आळीत, मंडळी, माणूस पेलेल असा एक दोर नव्हता.

केरबाची आई साळूबाई डोकं धरून खालीच बसली. म्हातारे म्हणाले, आहेत ते तुकडे सांधू या. हौसा म्हणाली, "सांध्यानंच घात केलाय. आता गाठ नको. अखंड पेड काढायचा आन् त्याच्या नऊ घड्या घालून दोर वळायचा." आणि मग ती जे बोलली ते आमच्याकडे लहान पोरांनासुद्धा पाठ आहे. "आत्याबाई, फिरकी धरा. मी मागं चालले. आता त्येंचं तोंड दिसलं तरच माझं पाऊल पुढं पडंल. न्हाई दिसलं तर मी अशीच मागं मागं जाईन."

मागे नदी होती. हे ऐकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं.

साळूबाई उठली आणि विहिरीशेजारी फिरकी घेऊन बसली. हौसा निघाली. आळीची वाट शंभर-दीडशे पावलांतच संपली, पुढे निवडुंगाचं कुंपण. बायकांनी कोयत्यांनी कुंपण तोडलं, तरी काटे जमिनीवर राहिलेच. ती अनवाणी त्यावरून गेली. पुढे बाभळी होत्या. तिच्या पाठीमागे झाडं पडत होती, माणसं ओरडून सांगत होती, आणि ती नजर विहिरीवर ठेवून एका लयीत मागे सरकत होती. पेड वाकडा चालत नाही, म्हणून वाटही वाकडी झाली नाही. वाख संपत आला तेव्हा बायकांनी आपापली लुगडी फाडून पट्ट्या तिच्या हातात दिल्या. पांढऱ्या पेडाचं टोक हिरवं, तांबडं, जांभळं होत गेलं. उन्हात तो पेड हवेत तरंगल्यासारखा दिसत होता, आणि त्या टोकाशी ती बाई झोपेत चालावं तशी चालत होती, असं सांगतात.

टाचेला पाणी लागलं तेव्हा पेड पुरला. बायकांनी घड्या घातल्या, उलटा पीळ दिला आणि तो जाड दोर घेऊन सगळीजणं विहिरीकडे पळाली. हौसाच्या पायांत काटे भरलेले, आणि ती गेलीही नसती. बोललेली होती ना! नदीत एकटीच उभी राहिली. हातातला दोर गेला होता. आता तिच्यापाशी नुसती नजर उरली होती.

सहाशे पावलांवर माणसं म्हणजे तिळाएवढी. ती हलताना दिसत होती, बाकी काही कळत नव्हतं. वेळ गेला, हौसा एक पाऊल मागे गेली. पाणी गुडघ्याला आलं. आणखी वेळ गेला. कमरेला आलं.

इकडे केरबा वर आला होता! गळ्यापर्यंत पाणी आल्यावर दोर पोचला, आणि बायकाम्हाताऱ्यांनी त्याला ओढून काढला. पाय मोडलेला, थंडीने अंग काळंनिळं पडलेलं. त्याला चालवू कसं? मायेची माणसं ती. त्यांनी त्याला घोंगडीत घातलं, चौघांनी चार टोकं धरली आणि हौसाकडे निघाली.

आता तुम्हीच सांगा, लांबून ते कसं दिसलं असेल?

हौसाने पाहिलं, चौघंजण मध्ये काहीतरी लोंबतं घेऊन हळूहळू येतायत, मागे साळूबाई डोळ्यांना पदर लावून. ती मागे सरकायला लागली. पाणी छातीला आलं. लोकांनी हाका मारल्या, "जित्ता हाय गं, जित्ता हाय!" पण नदीच्या खळखळाटात तिला काही ऐकू गेलं नाही. केरबाने घोंगडीतून मान उचलली आणि तिला मागे जाताना बघितलं. त्याला सगळं कळलं.

"मला खाली ठिवा," तो म्हणाला. "ठिवा म्हंतो न्हवं!"

शेवटची शंभर पावलं तो त्या मोडक्या पायावर चालला. एकदा पडला, उठला. कुणाला हात लावू दिला नाही, कारण धरून चालवलेला माणूस तिला ओळखू आला नसता. तिने आधी एक हलणारा ठिपका पाहिला, मग एक लंगडणारा माणूस, आणि मग, पाणी हनुवटीला आलेलं असताना, त्याचं तोंड.

ती थांबली, आणि एक पाऊल पुढे टाकलं.

काठावर आल्यावर ती रडली बिडली नाही म्हणे. तिने त्याचा कान धरला. "नवा दोर पुन्यांदा बाजाराला धाडशीला?" केरबा म्हणाला, "न्हाई." मग मात्र तिने त्याच्या चिखलाच्या छातीवर डोकं टेकलं आणि पुटपुटली, "मीबी सकाळी बघाया पायजे हुतं."

काही लोक हौसाला नदीत बुडवूनच गोष्ट संपवतात. बाई मेली की गोष्ट मोठी होते असं त्यांना वाटतं. आम्ही तसं सांगत नाही. ती जगली, म्हातारी झाली, आणि केरबा जन्मभर लंगडत चालला. तो बाजाराला निघाला की ती त्याच्याकडे तोंड करून, त्याचा चेहरा दिसेनासा होईपर्यंत उलट्या पावलांनी घराकडे सरकायची. तोही तसाच मागे मागे जायचा.

आजही या रस्त्यावर निरोप घेताना कुणी पाठ फिरवत नाही. ती बघा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र घातलेली मुलगी आईचा निरोप घेऊन उलटी चाललीय. हातात कॉफी, समोर आई. आणि तो हेल्मेटवाला अनोळखी माणूस तिला ओरडून सांगतोय, "ताई, मागे सायकल!"

मी माझ्या नवऱ्याला शेवटचं इथेच बघितलं. दवाखान्यात भरती व्हायला निघाला होता, मेट्रोच्या जिन्यापर्यंत उलटा चालत गेला, आणि मी इकडून. त्या दिवशी आम्ही भांडलो होतो, अगदी सकाळीच. पण त्याचा चेहरा मी पुरता बघितला.

चला, तुमची गाडी येईल. निघा आता. नाही नाही, असं नाही, तोंड माझ्याकडे करा. मागचं मी सांगते.