गियरातली चावी

“मगे होडीची मोटर गियरात असताना चालू झालीच कशी?” आबा मेथरांनी विचारलं.

उल्हास तारी या प्रश्नाचं उत्तर घरूनच तयार करून आला होता.

“कुंदावयनीन घाय केल्यान, आबानू. गियर बघूक नाय आणि चावी फिरयल्यान. बायलमाणूस... होता असा.”

आबा ओट्यावर बसून फाटकं जाळं शिवत होते. ते शिवत राहिले.

उल्हास आबांच्याच हाताखाली तयार झालेला. आबांनी पाना खाली ठेवल्यापासून खाडीच्या दोन्ही काठांवर कुणाची आउटबोर्ड मोटर बंद पडली की देवाच्या आधी उल्हासचं नाव निघे, आणि खरं सांगायचं तर ते उल्हासलाही मनापासून पटलेलं होतं. चहा निवायच्या आत मोटर सुरू करून देतो, असं तो चारचौघांत सांगे. बऱ्याचदा करूनही देई.

परवा सकाळी वासू खवणेकर गुडघाभर पाण्यात उभा राहून आपली होडी धक्क्यापासून मागे लोटत होता. होडीत त्याची बायको कुंदा. तिनं चावी फिरवली आणि मागे जायची ती होडी उसळून पुढे आली. वासू धक्क्याच्या दगडांत आणि होडीच्या तोंडात सापडला. मांडीचं हाड मोडलं.

तेव्हापासून कुंदा तालुक्याच्या दवाखान्यात नवऱ्याच्या उशाशी बसून होती. पोटात अन्नाचा कण नाही. ‘माझ्याच हातान मोडलो,’ एवढंच म्हणे. गावही तेच म्हणत होता, फक्त जरा मोठ्यानं.

आज संध्याकाळी वासूचा भाऊ चार जाणती माणसं घेऊन आबांकडे यायचा होता. चूक मोटरीची की कुंदाची, ते आबांनी सांगायचं होतं. आबा सांगतील त्यापुढे गावात कुणी ब्र काढणार नव्हतं.

“मंडळी येय तवसर माका तुमचो एक शब्द व्हयो,” उल्हास म्हणाला. “मोटर चोख हा म्हणान सांगा. मीच केलंय ना ती, गेल्या महिन्यात.”

“काय झाला होता तिका?”

“सेल-स्टार्टर लागत नव्हतो. चावी फिरवली तरी गप्प.” इथं उल्हासचा आवाज आपोआप खुलला. “बॅटरी बघलंय, ती भरलेली. टोकांवर मीठ बसलेला, ता घासलंय. फ्यूज शाबूत. माणूस पाण्यात पडलो तर मोटर बंद करूक मनगटात बांधतत ती लाल दोरी, तिचो चाप जाग्यावर...”

“मगे?”

“मगे... लागलो सेल.”

“बिघाड खंय होतो?”

“होतो खंयतरी, मिठाचोच. खाऱ्या पाण्यातली मोटर, आबानू. तुमका मी काय सांगतलंय?”

आबांनी दोरा दातानं तोडला. जाळं बाजूला सारलं आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले.

“चल.”

वासूची होडी समोरच धक्क्याला बांधलेली होती. परवापासून तिथंच होती, आणि आबा परवापासून ओट्यावरच होते. त्यामुळे उल्हासला तिच्याजवळ एकट्यानं जाता आलं नव्हतं.

आबा होडीत चढले. मोटर पाण्यात उतरवली. मग चावीजवळ बसले.

“वासू खंय उभो होतो?”

उल्हासनं बोटानं दाखवलं.

“थंय जाऊन उभो रव.”

“कशाक?”

“रव तर खरो.”

उल्हास हसला. म्हाताऱ्याची लहर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यात उतरला आणि होडीच्या तोंडासमोर उभा राहिला. पाठीला धक्क्याचे दगड लागले. ओले, कालवांनी खरखरीत झालेले.

आबांनी गियरचा दांडा पुढे टाकला. खट् असा आवाज आला.

“गियरात हा,” आबा म्हणाले. “मोटर चोख आसात तर गियरात सेल लागाचो नाय. खरा ना?”

“खरा.”

“मगे फिरवतंय.”

आबांची बोटं चावीवर गेली. उल्हासला आपल्या मांडीचं हाड जाणवलं. आयुष्यात पहिल्यांदाच, इतकं स्पष्ट.

“नको! आबानू, नको! फिरवू नको!”

पलीकडे मासळी निवडणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. आपल्या गुरूला आपण अरे-तुरे केलं, हे उल्हासला बायका बघायला लागल्यावर कळलं.

आबांनी हात मागे घेतला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“वायर जोडलंय मी,” उल्हास पाण्याकडे बघत म्हणाला.

मोटर न्यूट्रलला नसेल तर सेलपर्यंत वीज पोचूच द्यायची नाही, एवढ्याच कामाचा एक छोटा स्विच गियरपाशी असतो. वासूच्या मोटरीतला तो मिठानं खाल्ला होता. बिघाड तिथंच होता, आणि उल्हासला तो तेव्हाच सापडला होता. नवा स्विच शहरातून मागवायला हवा होता. भरती निघून चालली होती, वासू घाई करत होता, आणि शेजारच्या होडीवरचे लोक बघत होते. उल्हासनं स्विच वगळून दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना पिळली. सेल लागला. बघणाऱ्यांनी वाहवा केली. नवा स्विच बसवेपर्यंत गियर बघून चावी फिरवा, एवढं सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर काम अर्धंच झालंय हे दिसलं असतं. म्हणून तो बोलला नाही, आणि पुढे विसरून गेला.

“वयनीक ठावक हा?”

उल्हासनं मान हलवली. नाही.

“मी काल दवाखान्यात गेल्लंय,” तो म्हणाला. “ती माका म्हणाली... भावजीनू, माझी चुकी झाली. तुमी केलेली मोटर, आणि मी असा केलंय.”

“तू काय म्हणालंस?”

“म्हणालंय... होता असा, वयनी. मनाक लावन घेव नको.”

एवढं बोलून त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्याला तिथं गुडघाभर पाण्यात समजलं. तिला त्यानं माफ केलं होतं! स्वतःचा गुन्हा तिच्या पदरात टाकून वर तिची समजूत घातली होती, आणि तिनं डोळे पुसत त्याचे आभार मानले होते.

पाणी होडीला हळूहळू आपटत होतं.

शेवटी उल्हास होडीवर चढला. मोटरीचं झाकण काढलं, पिळलेल्या वायरी सोडवल्या, एकेका टोकाला पट्टी गुंडाळली. मग कुणी न सांगता परत पाण्यात उतरला, होडीच्या तोंडासमोर गेला आणि दगडांना पाठ लावून उभा राहिला.

“फिरवा, आबानू.”

आबांनी चावी फिरवली.

काही नाही. टिक्‌ नाही की टुक्‌ नाही.

“बरी झाली मोटर,” आबा म्हणाले.

“बरी खंयची? आता ती न्यूट्रलाकसुद्धा चालू होवची नाय.”

“व्हय तर. बरी झाली.”

उल्हासनं तोंडावर पाणी मारलं. शर्टाच्या बाहीनं पुसलं.

“मी आजच शहरात जातंय, आबानू. नवो स्विच आणतंय. मोटर पयल्यासारखी चालू करून ठेवतंय. आणि मगे दवाखान्यात जाऊन वयनीक सगळा सांगतंय. तिच्यासमोर उभो रवाक काय तरी नको? मोटर झाली, एवढा तरी सांगूक मिळात.”

आबांनी चावी काढून त्याच्या ओल्या हातावर ठेवली.

“आधी वयनीकडे. मोटर बंद हा तवसर जा.”