लेंड म्हणजे काय?

“मग लेंड म्हणजे काय, भार्गव?”

पैठणचा भार्गवशास्त्री गोंधळला. सकाळपासून तो मठाच्या ओसरीवर आपला ग्रंथ वाचून दाखवत होता. ‘दोन’ या शब्दाची कुळकथा. संस्कृतातलं द्वि, फारसीतलं दु, लॅटिनमधलं दुओ, सगळी एका घरची भावंडं. रुद्रगिरी महाराजांनी मान डोलावली की ग्रंथ दरबारात रुजू व्हायचा होता. आणि महाराजांनी विचारावं काय, तर विटीदांडूतलं लेंड!

“वकट, लेंड, मूंड... पोरांची बडबड ती, महाराज. तिला अर्थ नसतो.”

“नसतो?”

“असता तर मला ठाऊक असता.”

महाराज अंगणाकडे पाहू लागले.

समोर मठाची नवी विहीर खणली जात होती. तेलंगणातून आलेले वडार भाकरी खायला ओढ्यावर गेले होते. आत कमरेला दोर बांधलेला एकटा यल्लप्पा होता, आणि वर तोच दोर धरून त्याची बायको नरसम्मा.

एकाएकी धप्पकन आवाज झाला. विहिरीची एक बाजू ढासळली. पाठोपाठ आत पाण्याचा खळखळाट, आणि यल्लप्पाची हाक.

“रेंडु! रेंडु!”

“काय म्हणतोय तो?”

“दोन,” महाराज काठी चाचपत म्हणाले. “तेलुगूत दोन.”

भार्गवने तो शब्द ओठांवर घोळवला. रेंडु... लेंड! म्हणजे वकट, मूंड, सगळे आकडेच!

“सापडलं, महाराज!” त्याने बोरू शाईत बुडवला.

तिकडे नरसम्मा टाचा मातीत रोवून मागे रेलली होती. दोर वीतभर वर यायचा, हातभर खाली जायचा. यल्लप्पाचा आवाज घोगरा झाला, मग तुटक... ऐंशी उलटलेले महाराज ओसरीच्या पायऱ्या उतरत होते, पण पाय उचलत नव्हता.

नरसम्माने मान वळवली. थेट भार्गवकडे पाहिलं.

“रेंडु!”

दोराला दोघं हवे होते. एक ती. दुसरा कोण, ते तिच्या नजरेत होतं.

बोरू सुटला. भार्गव धावला. त्याने दोराला हात घातला, तशी तळव्यांची सालं निघाली. खाली वजन जड झालं होतं, आणि हाक बंद... तो ओरडत होता, काय ओरडत होता ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. दोघांनी एकदम हिसडा दिला. पुन्हा दिला.

चिखलाने माखलेलं डोकं काठावर आलं.

यल्लप्पा पालथा पडून पाणी ओकला. नरसम्मा त्याच्या पाठीत बुक्के घालत रडत होती, शिव्या देत होती.

भार्गव मातीतच बसून राहिला. ओसरीवरची त्याची पानं वाऱ्याने अंगणभर उडत होती.

“महाराज... मला ठाऊक होतं ते खोटं होतं का?”

महाराजांनी आपल्या भगव्या छाटीची चिंधी फाडली. ती त्याच्या तळव्याला सावकाश गुंडाळली. गाठ मारली...

“खोटं नव्हतं रे,” ते म्हणाले. “एकट्याचं होतं.”